रेकमेंडेशन: जुने क्लिक टाकायचे की ठेवायचे?

मॅट्रिक्सवाला: पाककृतींच्या ॲपवर १८ महिन्यांच्या क्लिक्सवर एएलएस (युजर आणि पदार्थांच्या क्लिक-तक्त्यातून, म्हणजे मॅट्रिक्समधून, प्रत्येकासाठी आकड्यांची यादी, म्हणजे व्हेक्टर, शिकणारी पद्धत) चालतं. गणपतीत मोदक पाहणाऱ्याला दिवाळी उलटली तरी मोदकच दिसतात. फक्त शेवटचे ३० दिवस घेतले, तर कमी वापरणाऱ्यांच्या याद्या पोकळ होतात. मधला मार्ग?

लॉगदार: क्लिकचं वजन वयानुसार उतरवा: ०.५ चा घात (दिवस ÷ अर्धायुष्य). अर्धायुष्य म्हणजे वजन निम्मं व्हायला लागणारे दिवस; ३०, ६०, १२० तपासून बघा. कॉन्फिडन्स (मॉडेलने त्या नोंदीवर किती भर द्यायचा) = १ + अल्फा × वजन; अल्फा हा आपण ठरवायचा गुणक. यात मेख अशी की वजन शून्याजवळ गेलं तरी ती नोंद पसंती म्हणूनच मोजली जाते, म्हणून ०.०१ च्या खालच्या नोंदी मॅट्रिक्समधून काढाच. शिवाय एकूण वजन घटल्यामुळे रेग्युलरायझेशन (व्हेक्टरमधले आकडे लहान ठेवणारा दंड) जड पडतं. अल्फा पुन्हा ट्यून करावा लागेल.

शून्यसहा: सरसकट उतरवायला माझा विरोध आहे. रेकमेंडेशनचे संशोधक येहुदा कोरेन यांच्या २००९ च्या नेटफ्लिक्स डेटावरच्या कामात जुनी रेटिंग्ज जितकी कमी दाबली तितका अंदाज सुधारला. अजिबात न दाबता सर्वांत चांगला! तिथे रेटिंग्ज होती, इथे क्लिक आहेत, हे मान्य. पण कारण इथेही लागू पडतं: माणसाची आवड बदलते, मोदक आणि पुरणपोळीचं नातं बदलत नाही.

म्हणून पदार्थांचे व्हेक्टर पूर्ण १८ महिन्यांवर, वजन न उतरवता शिकवा. ते गोठवून युजरचा व्हेक्टर सर्व्ह करताना (यादी दाखवायच्या वेळी) काढा. वयाचं वजन फक्त तिथे. मॉडेल रात्री एकदा ट्रेन झालं तरी सकाळचा क्लिक दुपारी धरला जातो.

मोदकांचा प्रश्न मात्र बराचसा हंगामाचा आहे. पदार्थाच्या गेल्या ७ दिवसांच्या क्लिक-दराला त्याच्या वार्षिक सरासरीने भागा आणि रँकिंगमध्ये फीचर (एक जादा निकष) म्हणून द्या. पुढच्या भाद्रपदात मोदक आपोआप वर येतील.

मॅट्रिक्सवाला: आणि चार महिन्यांनी परतलेला युजर? त्याची सगळीच वजनं नगण्य होणार.

शून्यसहा: वय आजपासून मोजू नका, त्याच्या शेवटच्या क्लिकपासून मोजा. नाहीतर रेग्युलरायझेशन त्याचा व्हेक्टर शून्याकडे ओढतं.

लॉगदार: हे पटलं. तपासणी तारखेवर तोडून करा: अमुक दिवसापर्यंत ट्रेनिंग, पुढचे ७ दिवस टेस्ट, असं सरकवत ५-६ आठवडे. रँडम स्प्लिटमध्ये (तारीख न पाहता क्लिक ट्रेनिंग-टेस्टमध्ये वाटले तर) भविष्यातले क्लिक ट्रेनिंगमध्ये शिरतात आणि अर्धायुष्य भलतंच लांब निघतं. मूव्हीलेन्सवर (चित्रपट-रेटिंग्जच्या खुल्या डेटावर) तर अर्धायुष्य ठरवूच नका. तिथे लोक एका बैठकीत ढीगभर चित्रपटांना रेटिंग देतात, नोंदलेली वेळ रेटिंग दिल्याची असते, चित्रपट पाहिल्याची नसते.