१९६६ची स्पिटफायर : सेल्फ मारला की नुसतं 'टक', आणि चोकची तार तापतेय

कोलशेतची_स्पिटफायर (ठाणे)

नमस्कार मंडळी. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क २, इंजिन ११४७ सीसी. आधीच्या मालकाने अर्धवट रिस्टोर करून सोडलेली मी घेतली. त्यांनी बॉडी उतरवून चासी रबाळे एमआयडीसीत पावडर कोट करून घेतली होती, बॉडीला रंगही झक्कास मारलाय. वायरिंग हार्नेस नवा. मूळचं पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस खांब बॉडीला जोडलेला) त्यांनी बदललेलं नाही आणि मलाही बदलायचं नाही.

आता रडगाणं. चावी फिरवली की सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) 'टक' करतो, सेल्फ एखादा आळस दिल्यासारखा फिरतो आणि थांबतो. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, सोलेनॉइडचं रबरी बटण अंगठ्याने दाबून पाहिलं, तेच. सोसायटीच्या पोरांनी धक्का मारला की मात्र पहिल्या झटक्यात सुरू. बॅटरी नवी आहे. सेल्फ काढून दुकानात दाखवला, टेबलावर भन्नाट फिरला.

आणखी दोन विचित्र गोष्टी. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलतो. आणि काल दोनतीनदा सेल्फ मारल्यावर चोक ओढायला गेलो तर नॉब चटका बसेल इतका गरम! प्लास्टिक जळल्याचा वासही आला. सुरू झाल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, पण ते नंतर बघू.

ऐरोलीकर

सेल्फ जुना तो जुनाच. आजकाल रिडक्शन गिअरवाले नवे मिळतात, एक मागवून टाका, कटकट संपेल. पॉझिटिव्ह अर्थही बदलून टाका, उगाच कोणी जम्प द्यायला आलं आणि दोन्ही गाड्यांच्या बॉडी एकमेकांना टेकल्या तर दिवाळी होईल.

वागळेचा_वायरमन

थांबा. काही मागवू नका, आणि पुढचं वाचेपर्यंत सेल्फही मारू नका.

चोकची तार तापते म्हणजे सेल्फचा करंट त्या तारेतून परत जातोय. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तोडलेलंच. सेल्फला १००-१५० अँपिअर लागतात आणि ते बॅटरीत परत जायला जाड रस्ता हवा. तो सापडला नाही की करंट मिळेल त्या गल्लीत घुसतो : चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. चोकची तार जिथे लालबुंद होणार तिथेच कार्ब्युरेटर आणि त्यात पेट्रोल. म्हणून म्हटलं थांबा. फायर एक्स्टिंग्विशर गाडीत नाही, हाताशी ठेवा.

तुम्ही पावडर कोटिंगचं सहज लिहून गेलात, पण माझा संशय तिथेच आहे. पावडर कोट म्हणजे प्लास्टिकचा थर, वीज जाऊ देत नाही. स्पिटफायरची चासी हेरल्डवरून आलेली. मद्रासला बनायची त्या स्टँडर्ड हेरल्डचं हाडही तसंच. चासी वेगळी, तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली, मध्ये रबरी पॅड. हेरल्ड मी खूप उघडल्यात वागळे इस्टेटला. जुन्या गंजक्या गाडीत बोल्टच्या आट्यांतून कसंबसं अर्थ मिळायचं. तुमची इतकी चकाचक केली की तेही गेलं.

मीटरने ओहम मोजू नका. तो शून्य दाखवेल आणि तुम्ही फसाल. मीटर चिमूटभर करंट सोडतो, तेवढा केसाएवढ्या धाग्यातूनही जातो. ०.०२ ओहम मीटरला दिसतही नाही, पण १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खाल्ले जातात. माल वाहून नेतानाच रस्ता तपासायचा.

तेव्हा असं करा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. घरातल्या कोणाला तरी चावीवर बसवा, दोन सेकंदांपेक्षा जास्त मारायचं नाही, चोकच्या तारेवर नजर ठेवायची. तो सेल्फ चालू असताना :
बॅटरीच्या दोन खांबांमध्ये किती (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच टोक टेकवा);
बॅटरीच्या लाइव्ह खांबापासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत किती;
इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या अर्थ खांबापर्यंत किती.
तिसरा आकडा पाव व्होल्टच्या आसपास हवा. जास्त आला तर इंजिन ते चासी, चासी ते बॉडी, बॉडी ते खांब असे तुकडे पाडून मोजा.

कोलशेतची_स्पिटफायर

काका, बायकोला चावीवर बसवलं. आकडे :
बॅटरी ११.२
लाइव्ह बाजू ०.३
ब्लॉक ते अर्थ खांब ६.१ (!!)
तुकडे : इंजिन ते चासी ०.२, चासी ते बॉडी ५.८, बॉडी ते खांब ०.१.
जाळीची पट्टी इंजिनवरून चासीला आहे आणि बॅटरीची अर्थ केबल फायरवॉलला.

वागळेचा_वायरमन

वहिनींना सांगा, काम चोख झालंय, बेरीजसुद्धा जुळते.

११.२मधून ०.३ आणि ६.१ वजा करा. सेल्फच्या वाट्याला ४.८ व्होल्ट. बाकीचे बहुतेक, ५.८, चासी आणि बॉडीच्या मध्येच खाल्ले गेले, म्हणजे पावडर कोटिंगचा संशय खरा. सेल्फ बिचारा काय करणार? टेबलावर दुकानदाराने जाड केबलने थेट बॅटरी दिली, म्हणून भन्नाट फिरला. आणि बॅटरी ११.२वरच टिकली यातही उत्तर आहे. बॅटरी मेलेली असती तर आकडा आठच्या खाली कोसळला असता. इथे करंटच जात नाही, म्हणून ती ताठ आहे.

आता इलाज. बॅटरीच्या अर्थ खांबापासून गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या (इंजिनला जोडणारा घंटेसारखा भाग) बोल्टपर्यंत एक थेट केबल टाका, २५ स्क्वेअर एमएम पुरे, ३५ असेल तर उत्तम. बॉडी आणि चासीमध्ये वेगळी जाळीची पट्टी. जाळी, केबल, थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची धातूची कडी) सगळं मुंबईत लोहार चाळीत मिळेल. थिंबल हातोडीने ठोकून नाही, क्रिंपिंग टूलने दाबून घ्या. बोल्टखाली रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मगच वरून व्हॅसलिन. आधी लावू नका. ठाण्याला खाडीची हवा, उघडा धातू एका पावसाळ्यात लाल होतो. नव्या रंगावर पॉलिश पेपर मारायला जिवावर येईल, पण इलाज नाही.

पेट्रोलच्या काट्याचा नाचही यातच जाईल असं मला वाटतं. गेला नाही तर हेडलाइटच्या काळ्या वायरी कुठे बांधल्यात ते बघा.

ऐरोलीकर

काका, मान गये. माझ्या रिडक्शन गिअरचे पैसे वाचले त्यांचे.

कोलशेतची_स्पिटफायर

केबल आणि पट्टी दोन्ही टाकलं. ब्लॉक ते खांब ०.१५. अर्ध्या वळणात सुरू झाली, वॉचमन दचकला. पेट्रोलचा काटा जागेवर. लाल दिवा मात्र अजून विझत नाही, रेस वाढवली तरी तसाच. पट्टा ताणलेला आहे. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो बदलू का?

वागळेचा_वायरमन

पुन्हा बदलायला निघालात!

डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढा. मोठं टर्मिनल डी, छोटं एफ. दोन्ही एका तारेने जोडा. मीटरचं लाल टोक डायनॅमोच्या अंगाला, काळं त्या जोडावर. इंजिन सुरू करून रेस हळूहळू वाढवा. व्होल्ट झरझर चढले पाहिजेत, २०च्या वर जाऊ देऊ नका. आकडा चढला पण पुढे वजा चिन्ह असेल तर डायनॅमो उलटा भरलाय, म्हणजे त्यातलं चुंबकत्व उलट्या दिशेचं झालंय. कोणीतरी कधीतरी बॅटरी उलटी लावली असणार. काहीच चढलं नाही तर ब्रश बघायचे.

वजा आलं तर : इंजिन बंद, वायरी काढलेल्याच, मधली तारही काढा. बॅटरीच्या लाइव्ह खांबावरून, तुमच्याकडे तो निगेटिव्ह, एक तार आणून एफला क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल, एवढंच. मग वायरी जागच्या जागी.

कोलशेतची_स्पिटफायर

वजा १४! एफला तार टेकवली, दिवा विझला. काका, वागळेला कुठे बसता सांगा, चहाला येतो.

वागळेचा_वायरमन

आता घरीच असतो, चहा कमी केलाय. हेडलाइट लावून मध्यम रेसवर बॅटरीवर किती व्होल्ट येतात ते टाका इथे, १३च्या खाली असेल तर कट-आउट (डायनॅमो आणि बॅटरीमधला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) उघडून बघू. आणि मोबाइल चार्जर, स्टिरिओ काही बसवायचं असेल तर आधी विचारा. त्यांचं अंग निगेटिव्ह असतं, तुमच्या पॉझिटिव्ह बॉडीला टेकलं की धूर.