फोर्सिथियाला फक्त बुडाशीच फुले का येतात?

प्रश्न (अंगण, न्यू जर्सी)
आमच्या घराच्या कुंपणालगत फोर्सिथियाची जुनी झुडपे आहेत. मार्चअखेरीस शेजाऱ्यांची झुडपे पाने फुटण्याआधीच पिवळ्या फुलांनी भरून जातात. आमच्याकडे मात्र बुडाशी मोजकी फुले येतात आणि वर नुसती पाने. ऊन दिवसभर मिळते. हिरवळ कापणारी मंडळी दर ऑक्टोबरला झुडपांना चौकोनी आकार देऊन जातात. थंडीने कळ्या जळत असतील का?

उत्तर (जुना माळी)
माझ्या मते दोष थंडीचा नसून ऑक्टोबरच्या कापणीचा आहे. फोर्सिथिया आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो आणि पुढच्या वसंतातल्या कळ्या उन्हाळ्यातच धरून ठेवतो, त्यामुळे शरद ऋतूत शेंडे कापले की फुलेच कापली जातात. कात्री न पोचलेल्या खालच्या फांद्या तेवढ्या फुलतात. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून आपल्याला तो हंगामाआधी छाटण्याची सवय असते. फोर्सिथिया त्याच्याच कुळातला असूनही येथे ती सवय उलटी पडते. छाटणी फुले गळताच करावी. त्या वेळीही वरून सपाट न कापता सर्वांत जाड, जुन्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश जमिनीलगत काढाव्यात.

उत्तर (मिनेसोटाकर)
आमच्याकडे हेच चित्र खरोखर थंडीमुळे दिसते. बर्फाखाली झाकलेल्या कळ्या वाचतात आणि उघड्यावरच्या मरतात. म्हणून येथे मिनेसोटा विद्यापीठाने काढलेला ‘नॉर्दर्न सन’ हा वाण लावतात. त्याच्या कळ्या उणे 30 अंश फॅरनहाइटपर्यंत तग धरतात. न्यू जर्सीत तेवढी थंडी पडत नाही.

उत्तर (परसबाग)
हिरवळीचे नत्रयुक्त खत झुडपांच्या मुळांशी जात असेल, तर तेही थांबवावे. त्याने पाला माजतो. शिवाय हे झुडूप 8 ते 10 फूट उंच आणि तेवढेच रुंद होते, त्याला चौकोनात कोंबण्याचा हट्ट मला तरी अनाकलनीय वाटतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. झुडपे आतून फारच दाटली आहेत. ती एकदाच जमिनीलगत कापली तर चालेल का?

जुना माळी
चालेल. फुले ओसरताच जमिनीपासून चारेक इंच ठेवून कापावीत. पुढच्या वसंतात फुले बेताचीच येतील, कदाचित येणारही नाहीत. मात्र त्या ऑक्टोबरला कापणाऱ्यांना झुडपांपासून दूर ठेवावे.