ठसेकामासाठी नेटवर कल्पना कुठं शोधायच्या, आणि सापडलेल्या नक्षीचा ठसा कसा करायचा?

कागदघडी_परभणी

नमस्कार मंडळी. रबरी ठसे आणि कागदकामासाठी पिंटरेस्ट-इन्स्टावर कल्पना शोधत असते, पण पुढं तेच ते येतं: बर्फातली घरं, ख्रिसमसचं झाड, भोपळे, कपकेक. काम सुंदर असतं त्या लोकांचं, पण संक्रांतीच्या वाणाचं पाकीट, बारशाचं आमंत्रण, वास्तुशांतीचं कार्ड यावर ते शोभत नाही. 'इंडियन कार्ड' टाकलं की छापील लग्नपत्रिकांच्या जाहिराती. सेव्ह केलेल्या चित्रांचा ढीग झालाय आणि त्यातलं नेमकं काय घ्यावं ते कळंना.

इकडच्या वळणाची नक्षी शोधायची तर काय टाकून आणि कुठं? ठसा घरी कोरावा की शिक्केवाल्याकडून करून घ्यावा? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदावर शाई पसरते, बारीक रेघा बुजतात, त्याला उपाय काय? पुढं थोडी कार्डं विकायचाही विचार आहे, म्हणून कुणाची नक्षी घेतली तर चालते तेही सांगा. कार्ड ए-फोर अर्धा कापून घडी घातलेलं, म्हणजे १०५ × १४८ मिमी. हाताशी लिनो कटर (रबर कोरायचं हत्यार) आणि डाय शाईची, म्हणजे कागदात मुरणाऱ्या पातळ शाईची, पॅडं आहेत.

जाळीनक्षी_संभाजीनगर

ताई, निमित्ताचं नाव टाकून शोधलं की ज्या देशांत हा छंद मोठा आहे तिथलेच सण पुढं येणार. त्याऐवजी रचनेचं किंवा तंत्राचं नाव टाका, इंग्रजी स्पेलिंगनं: 'कार्ड स्केच', 'वन लेयर कार्ड', 'टोन ऑन टोन स्टॅम्पिंग', 'मास्किंग'. 'कार्ड स्केच' म्हणजे नुसता चौकटींचा आराखडा. त्यात चित्रच नसतं, त्यामुळं तिथं कोयरी बसवायला काही अडत नाही. गूगलवर शोधताना नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह जोडा, मधे जागा न सोडता. रचना कुठलीही चालते, नक्षी मात्र आपल्या मुलखातली घ्या. या दोन गोष्टी एकाच चित्रात शोधायला गेलं की ढीग वाढतो आणि कार्ड होत नाही.

त्या ढिगाचं असं करा. प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहा: थर किती, रंग किती, रिकामी जागा साधारण किती, तंत्र कोणतं. ज्याखाली हे लिहिता येत नाही ते नुसतं डोळ्याला आवडलंय, ते काढून टाका. पिंटरेस्टच्या चित्रावरून मूळ पानावर जाच, कारण मापं आणि शाईची नावं तिथंच असतात. मूळ ब्लॉग बंद पडला असेल तर त्याचा पत्ता वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर टाका, बऱ्याचदा जुनं पान मिळतं.

आता नक्षी. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ पासून, क्लीव्हलँडच्या कला संग्रहालयानं २०१९ पासून आणि स्मिथसोनियननं २०२० पासून आपल्या संग्रहातली लाखो चित्रं कुठल्याही वापरासाठी खुली केली आहेत, विक्रीसकट. शोधताना 'ओपन अ‍ॅक्सेस'चा फिल्टर लावायला विसरू नका, सगळ्याच वस्तू खुल्या नाहीत. 'जाली', 'इंडियन टेक्स्टाइल फ्रॅगमेंट', 'ब्लॉक प्रिंट' असं टाकून बघा. फोटो मोठ्या आकारात उतरवता येतो, नक्षीचा एक घटक कापून घ्यायला तो पुरतो.

अजिंठ्यासाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं संकेतस्थळ बघा. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या नकलांपैकी आगीतून वाचलेल्या तिथं आहेत. भित्तिचित्रांपेक्षा छताचे तुकडे शोधा: कमळं, हंस, फळं, आणि तेही बहुतेक चौकटीत बसवलेले. ठशाला असंच चित्र लागतं. विक्रीसाठी त्या संग्रहालयाच्या अटी वेगळ्या आहेत, त्या आधी वाचा.

पैठणीचे फोटो बघताना मोर-कोयरी-अशरफी-आसावली अशी बुट्टीची नावं टाकून शोधा, 'पैठणी डिझाइन' टाकलं की नुसती दुकानं येतात. विणकामातल्या आकारांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. त्या आलेखाच्या कागदावर १ चौकोन = २ मिमी धरून उतरवल्या तर कोरायला सोप्या जातात.

इथल्या बीबी का मकबऱ्याच्या जाळीचा फोटो मात्र स्वतः काढा, अगदी समोरून. पूर्ण जाळीचा ठसा करू नका, पुनरावृत्त होणारा एकच घटक घ्या. तो ३५ मिमीचा चौकोन ठेवला की तुमच्या कार्डाच्या रुंदीत बरोबर तीन बसतात, उंचीत चार बसून खाली ८ मिमीची पट्टी उरते. त्या पट्टीत एका ओळीचा मजकूर येतो.

शाईठसा_लातूर

घरी कोरायचं का शिक्केवाल्याकडं जायचं हे नक्षीतल्या सगळ्यात बारीक रेघेवर ठरवा. हातानं कोरायचं असेल तर उठून राहणारी रेघ १ मिमीच्या खाली नेऊ नका. पॉलिमरचा शिक्का करणारा ०.३ मिमीपर्यंत जाऊ शकतो. हा शिक्का पातळ पॉलिमरवर प्रकाश टाकून, ते घट्ट करून बनवतात; त्याहून बारीक रेघेला प्रकाश पुरेसा मिळत नाही, ती नीट घट्ट होत नाही आणि धुताना निघून जाते. सुटे बारीक ठिपके तर सगळ्यात आधी जातात, ते जवळच्या रेघेला जोडून टाका.

शिक्केवाल्याला फाइल निव्वळ काळी-पांढरी द्या, करडी छटा नको. ६०० डीपीआय, प्रत्यक्ष मापाची, पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि कडा फाटक्या येतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. उलटी तुम्ही करू नका, तो करतो. दोघांनी केली की अक्षरं उलटी छापतात. दांडा नको, नुसती पॉलिमरची शीट द्या असं स्पष्ट सांगा, ती घरी अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावायची. आणि फ्लॅशचा शिक्का घेऊ नका. त्याची शाई आतच भरलेली असते, रंग बदलता येत नाही, आपल्या कामाला तो निरुपयोगी.

फोटोवरून काळी-पांढरी नक्षी काढायला इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात 'ट्रेस बिटमॅप'. कुठली छटा काळी धरायची ते ठरवणारा 'थ्रेशोल्ड'चा आकडा थोडा थोडा सरकवत जा. खूप तपशील आले तर ते हातानं खोडा, ठशात जितकं कमी तितकं स्वच्छ उठतं.

कोरायचं असेल तर ट्रेसिंग पेपरवर २बी पेन्सिलनं काढा, पेन्सिलची बाजू खाली करून रबरावर ठेवा, चमच्याच्या पाठीनं घासा. नक्षी रबरावर उलटी उतरते आणि छापताना सुलटी येते. पात्याचा उतार रेघेपासून बाहेरच्या बाजूला राहू द्या, म्हणजे रेघेचा पाया रुंद होतो. पातं रेघेखाली शिरलं की दोन-चार ठशांत ती तुटते. मोकळी जागा दीड ते दोन मिमी खोल काढा, उथळ राहिली तर तिथंही शाई लागून चरे छापतात. वळण आलं की हात जागीच ठेवून रबर फिरवा. 'शुभ', 'स्वागत' असे शब्द कोरताना शिरोरेघ सगळ्यात शेवटी मोकळी करा, ती आधी सुटी झाली की हलते. कोरलेलं खोडरबर प्लास्टिकच्या डब्याला टेकवून ठेवू नका, महिन्याभरात चिकटून दोन्ही खराब होतात. कागदात गुंडाळा.

नवीन पॉलिमर ठशावर शाई थेंबाथेंबानं गोळा होते. त्याच्या तोंडावर साधं खोडरबर अगदी हलकं फिरवा आणि पुसून घ्या, मग शाई सारखी बसते.

हातकागद_नांदेड

कागजीपुऱ्याच्या कागदाचं सांगतो, कारण त्याला दोष देऊन लोक गुळगुळीत कार्डशीटकडं वळतात ते पटत नाही. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या या गावात सुती चिंध्यांपासून कागद होतो. त्याचे तंतू लांब आणि पृष्ठभाग मोकळा, त्यामुळं डाय शाई पाण्यासारखी आत ओढली जाते. त्यावर पिगमेंट शाई, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची दाट शाई, वापरा, तिचे कण वर राहतात. फक्त सुकायला वेळ लागतो, लगेच घडी घालू नका.

रेघा बुजण्याचं दुसरं कारण दाब. खडबडीत कागदावर ठसा उंचवट्यांवरच टेकतो, मग माणूस जोर लावतो आणि शाई बाजूला सरकते. जोर लावण्याऐवजी कागदाखाली २ मिमीचा फोमशीट ठेवा आणि ठोकळा सरळ खाली दाबून सरळ वर उचला. ठसा मारायची जागा आधी घोटून घ्या: वर बटर पेपर ठेवून गुळगुळीत गोटा किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ गोल फिरवायची. जुने कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, लिहिण्याचा कागद खळ देऊन घोटायचे, ते याचसाठी.

खळ घरीही देता येते. एक चहाचा चमचा आरारूट २०० मिली पाण्यात कालवून पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करा, रुंद ब्रशनं एक पातळ हात द्या. अर्धवट ओलसर असताना दोन कोऱ्या कागदांत घालून वजनाखाली ठेवा, नाहीतर आक्रसतो. जाड हात दिला तर घडीवर तडा जातो. खळीच्या कागदाला कसर लवकर लागते, वर्षभराचा साठा करू नका.

इतकं करूनही अर्ध्या मिमीची रेघ या कागदावर उठणार नाही. बारीक ठसा २००-२५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाच्या) गुळगुळीत कागदावर मारून तो तुकडा हातकागदाच्या कार्डावर चिकटवा. तुमच्या मापाला ९५ × १३८ मिमीचा तुकडा घेतला की चारी बाजूंनी हातकागदाची ५ मिमी कड दिसते. आणि हातकागदावर फुगवटा आणायला एम्बॉसिंग पावडर टाकणार असाल तर आधी टाल्कमची पुरचुंडी हलकी फिरवा, पावसाळ्यात तर नक्कीच, दमट कागदाला पावडर सगळीकडं चिकटते. ती पावडर वितळवायला हेअर ड्रायर चालत नाही, तो तितका तापत नाही आणि पावडर उडवतो. हीट गनच लागते.

कागदघडी_परभणी

खूप आभार सगळ्यांचे. उन्हाळ्यात डाय पॅड कोरडं पडतं, त्यात पाणी टाकलं तर चालेल का? आणि विक्रीचं राहिलं.

जाळीनक्षी_संभाजीनगर

पाणी नको, रंग फिका पडतो आणि बुरशी धरते. त्याच कंपनीची, त्याच रंगाची रिफिल बाटली घ्या, थेंब पॅडवर रांगेनं टाका आणि जुन्या कार्डाच्या तुकड्यानं पसरवा. रिफिल मिळत नसेल तर पाण्यावर आधारलेल्या पॅडला ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब चालतात, त्याहून जास्त झाले तर शाई सुकतच नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पॅड उघडं ठेवून काम करू नका, ठशाला शाई लावली की लगेच झाकण.

विक्रीचं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. कोयरी, कमळ, जाळी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे आकार कुणा एकाचे नाहीत, पण एखाद्या हयात चित्रकारानं इन्स्टावर टाकलेली त्यांची मांडणी त्याची आहे. तिचा ठसा करायचा तर लेखी परवानगी घ्या. विकत घेतलेल्या ठशांचं वेगळं असतं. बऱ्याच परदेशी कंपन्या हातानं ठसा मारलेली कार्डं विकू देतात, या सवलतीला 'एंजल पॉलिसी' म्हणतात. त्या ठशाची स्कॅन करून छपाई मात्र चालत नाही. अटी प्रत्येक कंपनीच्या निराळ्या, काही जणी कार्डाच्या पाठीवर त्यांचं नाव मागतात, म्हणून ठसा मागवण्याआधीच त्यांच्या साइटवर ते पान उघडून बघा.