पूलमध्ये एमिंग सिस्टिमने (नेम धरायच्या ठरलेल्या पद्धतीने) पॉट, म्हणजे पॉकेटमध्ये जाणारे बॉल, खरंच वाढतात का? सेंटर टू एजला ३ महिने द्यावे की नाही?

बर्डीचा_ब्रेक

राजेहो, हा विषय एकदाचा निकाली काढा. नागपुरात धरमपेठेत जा की सदरला, पूल पार्लरमध्ये निशाण्यावरून दोन तट पडलेलेच असतात. एक म्हणतो सिस्टिमशिवाय गत्यंतर नाही, दुसरा म्हणतो हजार बॉल मारा, नजर आपोआप बसते.

माझी अडचण नेमकी आहे. ९ फुटी टेबलवर सरळ बॉल आणि हाफ बॉलच्या (पांढऱ्याने टार्गेट बॉल अर्धा झाकायचा, म्हणजे ३० अंशांच्या) आसपासचे कट, म्हणजे कोनात वळवून घालायचे शॉट, जाऊन राहिले. १५ ते २५ अंशांमधले आणि ४५ च्या पुढचे हुकतात, आणि बहुतेक वेळा जाड हुकतात, म्हणजे बॉल पुरेसा कापलाच जात नाही. सध्या घोस्ट बॉल वापरतो, म्हणजे टक्करीच्या क्षणी पांढरा जिथे असायला हवा तिथे एक बॉल कल्पून त्यावर नेम धरतो. सेंटर टू एज ही सिस्टिम शिकायला ३ महिने द्यावे का? "भारी आहे" किंवा "बकवास आहे" एवढंच नको, चालते तर कशामुळे आणि चालत नाही तर कशामुळे, ते सांगा.

अंश_आणि_मिमी

भाऊ, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. हाफ बॉल जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांचे कट हुकतात, असं काहून होतं?

पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा. घोस्ट बॉलचं केंद्र टार्गेट बॉलच्या केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर, पॉकेटच्या रेषेत मागे. क्यूची रेषा त्या केंद्रातून जायला हवी. आता पांढऱ्याच्या (क्यूने मारायच्या बॉलच्या) मागे उभं राहून बघा, ही रेषा टार्गेट बॉलच्या मध्यापासून किती बाजूला पडते: १५ अंशांना १४.८ मिमी, २० ला १९.५, ३० ला २८.६, ४५ ला ४०.४, ६० ला ४९.५. बॉलची कड येते २८.६ वर. म्हणून ३० अंशांचा, म्हणजे हाफ बॉलचा निशाणा थेट कडेवर बसतो आणि नजरेला धरायला काहीतरी मिळतं. २० अंशांना तो कडेच्या ९ मिमी आत, नुसत्या गोल रंगावर. ४५ ला कडेच्या जवळपास १२ मिमी बाहेर, रिकाम्या कापडावर. तिथे खूण नसल्यामुळे नजर जवळच्या खुणेकडे सरकते. ४५ ला ती कडेकडे येते, २० ला दोन बॉल जिथे टेकणार त्या बिंदूकडे. दोन्हीकडे परिणाम एकच, जाड.

टेकण्याच्या बिंदूवर क्यू रोखणं ही तर सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ३० अंशांच्या कटला त्या बिंदूवर नेम धरला तर प्रत्यक्षात साडेचौदा अंशांचा कट होतो, २० च्या जागी जेमतेम १०. बॉल गोल आहे, पांढऱ्याचं केंद्र तिथवर कधी पोचतच नाही.

आता सिस्टिमचं. कॉर्नर पॉकेटचं तोंड साडेचार इंच, म्हणजे दोन बॉल शेजारी मावतील एवढं. टार्गेट बॉल पॉकेटपासून १ मीटरवर असेल तर दोन्ही बाजूंना मिळून साधारण सव्वातीन अंशांची सूट. म्हणजे ० ते ६० अंशांमधले सगळे कट घालायला १८-२० वेगवेगळे निशाणे लागतात. फ्रॅक्शन सिस्टिम (टार्गेट बॉलचा किती भाग झाकायचा, त्यावरून नेम) देते पाच: फुल, पाऊण बॉल (१४.५ अंश), हाफ (३०), पाव (४८.६) आणि एक अष्टमांश (६१). मधली अंतरं १२ ते १९ अंशांची. सिस्टिम गल्लीपर्यंत नेते, घर आपल्यालाच शोधावं लागतं. ते घर नजरच शोधते, आणि ती सरावानेच तयार होते.

निळा_चॉक

वरचं गणित पटलं, पण "जाड" म्हटल्यावर थ्रो विसरून चालणार नाही. पांढरा टार्गेट बॉलला घासत जातो, आणि त्या घर्षणाने टार्गेट बॉल पांढऱ्याच्या चालीच्या दिशेने थोडा ओढला जातो. म्हणजे घोस्ट बॉल अगदी बिनचूक धरला तरी बॉल जाडच जाणार. सगळ्यात जास्त ओढ हाफ बॉलच्या आसपास, हळू आणि स्टन मारलेल्या (टक्करीच्या वेळी पांढरा पुढे-मागे न फिरता नुसता सरकतो अशा) शॉटला. ३ अंशांचा थ्रो १ मीटरवर ५२ मिमी होतो आणि सूट आहे एका बाजूला २८ मिमीची. तिथेच पॉट गेला. वेग वाढवा किंवा पांढरा चांगला फॉलो (पुढची फिरकी) किंवा स्क्रूसह (मागची फिरकी) न्या, थ्रो कमी होतो. तुमचे हाफ बॉल जातात याचा अर्थ तिथे सवयीने बारीक धरून राहिले, बाकी कोनांना अजून नाही.

बॉल मळके असले की ओढ वाढते. आपल्याकडे मे महिन्यात हॉलमध्ये कूलर टेबलकडे तोंड करून लावतात. ओली हवा कापडावर येते, कापड जड होतं, त्यावरचा चॉक बॉलला चिकटतो. खेळायच्या आधी पांढरा ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, बाकीचेही पुसा, आणि पुसण्याआधी मारलेलेच १० शॉट परत मारून बघा. बराचसा "निशाणा" तिथेच सुधारतो.

एक सावधगिरी. थ्रो घालवायला बरेच जण साइड लावतात, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या बाजूला मारून आडवी फिरकी देतात. हिशेब बरोबर आहे: बॉल डावीकडे कापायचा असेल तर पांढऱ्याला उजवी साइड, हाफ बॉलला मध्यापासून साधारण साडेपाच-सहा मिमी, मग घासणं जवळपास संपतं. पण उजवी साइड मारली की क्यूच्या धक्क्याने पांढरा किंचित डावीकडे सरकून निघतो आणि टार्गेट बॉलला परत जाडच लागतो. हे सरकणं, म्हणजे डिफ्लेक्शन, ओळखीचं नसेल त्या क्यूने साइड लावू नका. मधोमध मारा आणि केसभर बारीक धरा.

सदरचा_सेंटर_टू_एज

सिस्टिमवाल्यांची बाजू नीट मांडायला हवी. हॅल हूल यांच्यापासून आलेली ही पद्धत कोन मोजायचा दावाच करत नाही. ती कुठे उभं राहायचं ते सांगते. एक नजर पांढऱ्याच्या केंद्रापासून टार्गेट बॉलच्या कडेपर्यंत. दुसरी पांढऱ्याच्या कडेपासून टार्गेट बॉलवरच्या अ, ब किंवा क खुणेपर्यंत (पावावर, मध्यावर, पाऊणवर). दोन्ही रेषा एकाच वेळी दिसतील अशी डोक्याची जागा एकच असते. तिथून सरळ खाली यायचं, क्यू मध्यापासून अर्धी टिप (क्यूच्या टोकाच्या रुंदीच्या निम्मं) बाजूला ठेवायचा आणि मध्यावर वळवायचा.

याचा फायदा खरा आहे. बहुतेकांचा शॉट वाकताना बिघडतो: उभ्याने एक रेषा बघतात, खाली गेल्यावर डोकं तिसरीकडे, आणि मग मनगटाने दुरुस्ती. ही पद्धत रोज एकाच क्रमाने, एकाच जागेवरून खाली आणते. निर्णय वाकण्याआधी झालेला असतो, त्यामुळे स्ट्रोक मोकळा सुटतो. पॉट वाढतात ते यामुळे, आणि वाढतात हे नाकारू नका.

अंश_आणि_मिमी

हे मान्य, शिस्तीचा फायदा शंभर टक्के. वाद आहे तो "रेषा पाळल्या की बॉल आपोआप पॉकेटच्या मध्यात जातो" या दाव्याशी. तो तपासायला दहा मिनिटं पुरतात. वह्यांच्या भोकांना लावायच्या गोल चिकटपट्ट्या आणा आणि पांढऱ्याची व टार्गेट बॉलची जागा त्यांनी पक्की करा. टार्गेट बॉल पॉकेटपासून १ मीटरवर. पाच पॉट मारा. मग पॉकेटच्या रेषेला काटकोनात दोन्ही बॉल एकाच बाजूला ७ सेंमी सरकवा. दोघांमधलं अंतर तेच, दोघांना जोडणारी रेषाही पहिल्या रेषेला समांतर. म्हणजे अ-ब-क, कड, अर्धी टिप, सगळ्या सूचना त्याच. पॉकेटचा कोन मात्र ४ अंशांनी बदललेला, सव्वातीनच्या सुटीपेक्षा जास्त. तरी बॉल गेला, तर फरक कुणी केला? रेषांनी नाही, त्या बदलल्याच नाहीत. फरक तुमच्या नजरेने केला, वाकताना, नकळत. डेव्हिड अल्सियाटोरे यांच्यासारखे यंत्र अभियांत्रिकीचे माजी प्राध्यापकही अशा सिस्टिमना हाच आक्षेप घेतात.

सदरचा_सेंटर_टू_एज

अ धरायचं की ब, आणि वळवायचं कुठल्या बाजूने, हे पॉकेटकडे बघूनच ठरतं, एवढं यात धरा. पण ४ अंशांच्या आत ती निवड बदलत नाही, हे खरं.

बर्डीचा_ब्रेक

म्हणजे ३ महिने सिस्टिमला नाही, या दोन पट्ट्यांतल्या कोनांना द्यायचे, बरोबर? मग सुरुवात कुठून करू? आणि चूक नजरेची आहे की स्ट्रोकची, हे कसं ओळखू?

इन_ऑफ_हाफबॉल

आधी स्ट्रोक. पांढरा हेड स्पॉटवर (मधल्या रेषेवर, ब्रेक मारतो त्या बाजूच्या खुणेवर) ठेवून टेबलाच्या मधल्या रेषेने समोरच्या कुशनला मारा, तो परत टिपवर यायला हवा. जाताना फूट स्पॉटवरून (समोरच्या बाजूच्या खुणेवरून) गेला पण येताना उजवीकडे आला, तर नकळत उजवी साइड लागून राहिली. जातानाच स्पॉट चुकला, तर क्यू सरळ येत नाहीये. नंतर सरळ शॉट, टार्गेट बॉल पांढरा आणि पॉकेट यांच्या मधोमध, स्टन. टक्कर झाल्यावर पांढरा जागेवरच थांबला पाहिजे. उजवीकडे सरकला तर तुम्ही उजव्या अंगाला मारलंय. जागेवर भोवऱ्यासारखा फिरला तर साइड आहे. १० पैकी ९ होईपर्यंत कटला हात लावू नका, नाहीतर निशाण्यावर खापर फुटेल आणि दोष हाताचा असेल.

हे जमलं की हाफ बॉलचा पाया वापरा. बिलियर्ड्समध्ये इन-ऑफ (पांढरा दुसऱ्या बॉलला लागून स्वतःच पॉकेटमध्ये जातो तो शॉट) शिकवतानाही तिथूनच सुरुवात करतात. दोन बॉल सारख्या आकाराचे असले की हाफ बॉल म्हणजे ३० अंश, मग बॉल ५७ चा असो की स्नूकरचा ५२.५ चा. तिथून दोन्हीकडे सरका. टार्गेट बॉलच्या मागे, पॉकेटच्या रेषेत दुसरा बॉल चिकटवून ठेवा, त्याच्या बुडाखालची जागा चिकटपट्टीने खुणवा आणि बॉल उचला. खूण ही घोस्ट बॉलच्या केंद्राची, क्यू तिच्याकडेच रोखायचा. २० अंशांचे २०, ४५ चे २०, खुणेसह. मग खूण काढून तेच. ४५ ला टिपचा अंदाज कामी येतो: १३ मिमीची टिप असेल तर निशाणा कडेपासून जवळपास एक टिप बाहेर. हे माप टार्गेट बॉलपाशी जाऊन कापडावर टिप टेकवून बघा. ब्रिजजवळून (क्यूला आधार देणाऱ्या हातापासून) बघाल तर टिप मोठी दिसते आणि कट फाजील बारीक होतो.

वहीत दोनच रकाने ठेवा, जाड आणि बारीक. २० पैकी १५ जाड आले तर आधी बॉल पुसा, मग निशाणा २ मिमी बाहेर न्या.