बिनड्रायव्हरच्या गाडीबद्दल तुम्हाला मनातून काय वाटतं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते. इथे वेमो कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी, त्या पांढऱ्या जॅग्वार, इतक्या फिरतात की आता कोणी मान वळवूनही बघत नाही, जून २०२४ पासून तर वेटिंग लिस्ट पण नाही, कोणीही अ‍ॅपवरून बोलवा. टेक्नॉलॉजीवर भरपूर लिहून आलंय, मला ऐकायचंय ते तुमच्या पोटातलं. भीती, आनंद, राग, जे असेल ते लिहा.

माझं सांगते. रात्री उशिरा लॅबमधून निघाल्यावर या गाडीत मला सुटल्यासारखं वाटतं. पुढे अनोळखी माणूस नाही, आरशातून कोणी बघत नाही, एकट्याच राहता का हे विचारत नाही. स्टिअरिंग आपलं आपण फिरताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण आता मी मागे डोके टेकून चक्क डोळे मिटते. बाईच्या जातीला रात्रीच्या टॅक्सीत हे सुख कुठे मिळतं सांगा.

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
ताई, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. काचबिंदूने गाडी चालवणं बंद झालं आणि या गावात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, बस स्टॉपवर उभं राहायची सोय नाही. मुलगा सून कधी नाही म्हणाले नाहीत, पण दर वेळी त्यांची मीटिंग बघून विचारायचं, मग राहू दे म्हणायचं, असं करत करत मी देवळात जाणं, लायब्ररी, दोस्तांकडे पत्ते कुटायला जाणं सगळं सोडलं होतं. इथे २०२० पासून आत कोणीच नसलेल्या गाड्या चालतात. गाडीच्या डोक्यावर आपली आद्याक्षरं दिसतात, मला ती नीट दिसत नाहीत, मग अ‍ॅपमधून हॉर्न वाजवतो आणि आवाजाच्या दिशेने जातो. परवा कोणाला न विचारता दाढी करायला गेलो. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल, मला गाडीत भरून आलं.

टेंपी, अ‍ॅरिझोना
मी इथे शिकत होतो. मार्च २०१८ मध्ये रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई आपोआप चालणाऱ्या टेस्टिंगच्या गाडीखाली गेली, तो रस्ता माझ्या ओळखीचा. कॉम्प्युटरला ती कधी वाहन वाटत होती, कधी सायकल, ठरेपर्यंत उशीर झाला. गाडीचा मूळचा इमर्जन्सी ब्रेक बंद ठेवलेला आणि लक्ष ठेवायला आत बसवलेला माणूस मोबाईलवर व्हिडिओ बघत होता. गाड्या तेव्हापासून खूप सुधारल्या हे मान्य, पण मी रात्री सायकलवर असलो की त्यांच्या छतावरच्या फिरत्या सेन्सरच्या डब्याकडे बघून मला अजून वाटतं, मी याला माणूस दिसतोय ना?

पुणे
मी टुरिस्ट गाडी चालवतो, पुणे मुंबई आणि कोकण. ताई, तुमचं आणि काकांचं वाचून बरं वाटलं, खोटं नाही बोलत. पण मला भीती वाटते. दोन्ही पोरींची शिक्षणं या स्टिअरिंगवर चाललीत, दुसरं काम येत नाही. गडकरी साहेब बोलले होते की ड्रायव्हरांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, ती क्लिप आमच्या स्टँडवर सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. पण मंत्री बदलतात.

सातारा
माझ्या गाडीत अ‍ॅडास आहे, म्हणजे रस्त्यावरचे पट्टे आणि समोरची वाहनं बघून ड्रायव्हरला मदत करणारी, आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा. हायवेला झकास, पण गावात शिरलं की पट्टे गायब आणि आडव्या येणाऱ्या बाईकमुळे नुसते धक्के, मी बंदच ठेवतो.

नाशिक
माझा भाऊ गेला. समोरच्या ट्रकवाल्याचा डोळा लागला होता. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. मला कोणी म्हणालं की यंत्र झोपत नाही, तर मी उद्या ते यंत्र आणा म्हणेन, ते दिसायला कसंही असो. पुण्याच्या दादांना दुखवायचं नाही, पण आमच्या घरी दिवाळीला आकाशकंदील माझा भाऊच लावायचा.

पुणे
ताई, दुखावलो नाही. तुमच्या जागी मी पण तेच म्हटलं असतं. फक्त त्या ट्रकवाल्याला त्या रात्री किती तासांनी झोप मिळणार होती ते कोणी विचारलं का? कायद्यात १९६१ पासून आमचे आठ तास लिहिलेत. सीझनला मी महाबळेश्वर उतरून आलो की मालक एअरपोर्टची ड्युटी टाकतो, नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यात गाडी दुसऱ्याच्या हातात. बिनड्रायव्हरची गाडी यायला वेळ आहे. डोळे मिटायला लागले की ओरडणारा कॅमेरा आत्ता मिळतो, तो आधी आमच्या गाड्यांत बसवा, आणि तो ओरडला तर गाडी बाजूला घेऊन झोपायची परवानगी द्या. त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले तरी चालतील.