ध्वनीपेक्षा वेगवान विमानांच्या चाचण्या : आधी उडवायचं की आधी विचारायचं?

बांधावरून (वणी)
अमेरिकेत १९७३ पासून नागरी विमानाला जमिनीवरून ध्वनीपेक्षा वेगानं उडायला बंदी, कारण त्या वेगात खाली स्फोटासारखा धडाका ऐकू येतो. जून २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी ती उठवायचा आदेश काढला. मले ही घाई वाटते. आमच्या गावाला लागून उघडी कोळसा खाण आहे. दुपारी दोनला ब्लास्टिंग झालं की मांडणीवरचे पितळी डबे खणखणतात. चुलीमागची भेग दर दिवाळीला लिंपतो, होळीपर्यंत ती पुन्हा वर येते. कागदावर मात्र सगळं "मर्यादेत".

संत्रानगरी
भाऊ, खाण अन् विमान एका दावणीला कायले बांधता? ती बंदी आवाजावर नव्हतीच, वेगावर होती. आवाज खाली येवो न येवो, वेग ओलांडला की गुन्हा. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या बूम कंपनीच्या एक्सबी-१ या चाचणी विमानानं मोहावे वाळवंटावर तो वेग गाठला, खाली धडाका आला नाही. आता आवाजाची मर्यादा ठरवा म्हणतात, चूक काय?

बांधावरून
वेगही लिहा ना! ध्वनीच्या जेमतेम १.१ पट. वर हवा थंड, खाली गरम, म्हणून धडाक्याची लाट जमिनीपर्यंत येण्याआधीच वर वळते. वेग आणखी वाढवला की ते वळण पुरत नाही. मग धडाका थेट अंगणात. शिवाय "आला नाही" हे सांगितलं कोणी? कंपनीनंच.

दारव्ह्याचे मास्तर
१९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने मुद्दाम धडाके केले, दिवसाला आठ. शेवटी चारातला एक म्हणाला, हे सोसवणार नाही.

संत्रानगरी
म्हणजे तिघांना सोसवलं!

दारव्ह्याचे मास्तर
लोडशेडिंगही सोसतोच की आपण.

संत्रानगरी
पण मास्तर, चाचणीला तिथं विशेष परवाना लागतो, पर्यावरणाचा आढावाही होतो. आपल्याकडे प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी आहेच.

बांधावरून
आहे ना. गेलो होतो एकदा. मांडव, कूलर, बुंदीची पुडी, सगळं होतं. माझी पाळी आली अन् माईक बंद पडला. इतिवृत्तात लिहिलं, "हरकत नाही".

संत्रानगरी
हे वाईट झालं. पण म्हणून विमान उडूच द्यायचं नाही?

बांधावरून
उडवा की. नासाचं एक्स-५९ हे धडाका कमी करणारं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. ते पुढं वस्त्यांवरून नेऊन खालच्या लोकांनाच विचारणार आहेत, आवाज कसा वाटला म्हणून. असं खाणीवाल्यांनी आम्हाले कधी विचारलं? थांबा, भोंगा झाला. डबे खाली काढून येतो.