शवासनात राग वर येतो. ‘सोडून द्या’ म्हणजे नेमकं करायचं काय?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. रोज सकाळी पाऊण तास सराव असतो: ५ सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, भुजंगासन, वक्रासन, ५ मिनिटं अनुलोम-विलोम आणि शेवटी शवासन. तीन महिने झाले, अंग मोकळं झालंय. पण शवासनात दोन-तीन मिनिटं गेली की घराच्या वाटणीचा विषय सुरू होतो, भावाशी मनातल्या मनात भांडण जुंपतं आणि उठताना जबडा ठणकत असतो.

‘सगळं सोडून द्या’ एवढीच सूचना ऐकायला मिळते. ती अमलात कशी आणायची? राग दाबायचा की येऊ द्यायचा? इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जावं का? आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, योग करतोस तर हिस्साही सोडून दे. ते खरंच यातच येतं का?

गोदाकाठ

जबडा ठणकतो हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण धागा तिथेच सापडतो. मनाला ‘सोड’ असा हुकूम देता येत नाही, स्नायूला देता येतो. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन साधण्याचा उपाय म्हणून ‘प्रयत्नशैथिल्य’ हा शब्द आलाय (२.४७, म्हणजे दुसरा पाद, सूत्र ४७). प्रयत्न ढिला करायचा. शवासनात बहुतेकांचा प्रयत्न चालूच राहतो, फक्त तो दिसत नाही.

आधी मांडणी नीट करा. दोन्ही पावलांत दीड फूट अंतर, पावलं बाहेरच्या बाजूला पडलेली. हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. डोक्याखाली चादरीची घडी, साधारण दोन बोटं जाडीची. हनुवटी छताकडे गेली तर मान ताणली जाते आणि मन जागं राहतं, म्हणून ती किंचित गळ्याकडे हवी. कंबर जमिनीपासून उचललेली वाटत असेल तर गुडघ्यांखाली गुंडाळलेलं ब्लँकेट घ्या. आणि अंगावर पांघरूण घ्याच. सराव संपला की अंगाची ऊब झपाट्याने उतरते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या फरशीवर नुसत्या चटईवर पडलात तर खांदे आपोआप आक्रसतात, मग शिथिल कसं होणार? चटईखाली सतरंजी घाला.

आता जखडून सोडणं. उजवं पाऊल ५ सेकंद आवळा, मग सोडा आणि १५ सेकंद काहीच करू नका. डावं पाऊल, मग मांड्या, पोट, मुठी, खांदे कानांकडे, शेवटी चेहरा. आवळताना पूर्ण ताकद नको, निम्मी पुरे. पूर्ण ताकदीने पोटरीत गोळा येतो. खरं काम त्या १५ सेकंदांत होतं आणि लोक नेमके तेच उरकतात.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे जीभ. मनात भांडताना आपण शब्द उच्चारत असतो आणि जीभ, घसा अगदी बारीक हलत असतात. आत्ताच करून पाहा: मनात एक वाक्य बोला आणि लक्ष जिभेच्या मुळाशी ठेवा. तिथे हालचालीची चाहूल लागते. म्हणून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू देऊ नका, ओठ मात्र मिटलेले. जीभ टाळूवरून सोडा आणि खालच्या जबड्यात पसरू द्या. भांडण सुरू झालं की विचाराशी झटू नका, पुन्हा जिभेचं मूळ सैल करा. दहा मिनिटांत वीस वेळा करावं लागलं तरी हरकत नाही. सराव तोच आहे.

पाऊण तासाच्या सरावाला ८ ते १० मिनिटं शवासन द्या. उठताना कुशीवर वळा, चार-पाच श्वास तिथेच थांबा, मग हाताच्या आधाराने बसा. सरळ उठलात तर मान आणि कंबर पुन्हा ताठरतात.

दीर्घश्वास

वरच्या प्रतिसादाला जोड म्हणून श्वासाचं लिहितो. ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’ (१.३४) या सूत्रात प्राण बाहेर टाकण्याचा उल्लेख आधी येतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला विश्रांतीची खूण मिळते.

अनुलोम-विलोमानंतर लगेच आडवं होऊ नका. आधी मांडी घालून ५ मिनिटं ४ आकडे घेणं, ६ आकडे सोडणं. आकडा म्हणजे साधारण एक सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. दोन आठवड्यांनी सहज जमलं तर ४ : ८. मध्ये श्वास रोखायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर रोखण्याच्या वाटेला जाऊच नका.

सर्वांत जास्त चूक होते ती शेवटच्या दोन आकड्यांत. हवा संपलेली असते पण आकडा गाठायचा म्हणून पोट आवळून ती ढकलली जाते. मग पुढचा श्वास हपापल्यासारखा आत येतो. तसं झालं की आकडा मोठा आहे असं समजा आणि ४ : ५ वर या. सोडताना शेवटी पोट आपोआप बसलेलं हवं, ओढलेलं नको. दुसरी चूक म्हणजे शवासनातही मोजत राहणं. आडवं झालं की मोजणी बंद, श्वास जसा चालेल तसा.

कपालभाती किंवा भस्त्रिका करत असाल तर त्या सरावाच्या सुरुवातीकडे न्या. त्या अंग चेतवतात, शवासनाच्या तोंडावर नकोत.

ब्रह्मगिरी_पायथा

हिश्शाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण या एका गैरसमजाने घरं बसतात. वैराग्याची व्याख्या सूत्रांत आहे (१.१५), आणि तिथला शब्द ‘वितृष्ण’ आहे. तहान गेलेला. भांडं फेकून दिलेला असा त्याचा अर्थ नाही. हक्कसोडपत्र हा नोंदणीचा दस्त आहे. एकदा नोंदवला की फिरवणं फार अवघड. तो वकिलाशी बोलून, सगळे कागद समोर ठेवून ठरवायचा विषय आहे. शवासनातून उठल्यावर आलेल्या हळव्या क्षणी सही करू नका आणि रागाच्या भरात नोटीसही पाठवू नका. हिस्सा ठेवूनही भावाबद्दलची जळजळ उतरू शकते. हिस्सा सोडूनही ती वीस वर्षं राहिलेली असंख्य घरांत दिसते.

राग दाबायचा की येऊ द्यायचा? येऊ द्या, पण त्याला गोष्ट सांगू देऊ नका. छातीत ऊब, कानशिलांत ठोका, पोटात गोळा, एवढंच पाहा. ‘तो असं म्हणाला होता’ इथून गोष्ट सुरू होते आणि त्याबरोबर नवा रागही.

गोष्टीसाठी वेगळी वेळ ठेवा. संध्याकाळी १० मिनिटं, घड्याळ लावून, वहीत. पानाच्या डाव्या बाजूला फक्त घडलेलं: तारीख, बोललेले शब्द, आकडे. उजव्या बाजूला आपण जोडलेलं: ‘तो मला किंमतच देत नाही’ वगैरे. आठवडाभरात दिसतं की डावी बाजू पाच ओळींवर थांबते आणि उजवी वाढतच जाते. प्रतिपक्षभावन (२.३३), म्हणजे त्रास देणाऱ्या विचाराच्या उलट बाजूचा विचार, इथे करायचं. ‘माझा भाऊ देवमाणूस आहे’ असं खोटं घोकणं म्हणजे प्रतिपक्षभावन नव्हे. पुढचंच सूत्र सांगतं की हिंसेच्या विचाराची फळं दुःख आणि अज्ञान, आणि ती संपता संपत नाहीत, हे आठवायचं. म्हणजे या रागाने आज माझं काय झालं ते लिहायचं: झोप गेली, जेवण गेलं नाही, मुलावर ओरडलो. खरं असेल तेवढंच.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. जिभेचं आज सकाळीच करून पाहिलं, फरक जाणवला. दोन शंका राहिल्या: अंग सैल झालं की लगेच डोळा लागतो, आणि आज एकदम डोळ्यांतून पाणी आलं, कारण काहीच नव्हतं. हे ठीक आहे ना?

पांडवलेणी_पायरी

इगतपुरीचं राहिलं होतं, ते लिहितो. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरं होतात. नाशिकहून रेल्वेने किंवा महामार्गाने तासाभराचं अंतर. अर्ज आधी करावा लागतो. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन जमा. नव्या साधकाला संध्याकाळी फक्त फळ आणि चहा. शुल्क नसतं, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी नैसर्गिक श्वास पाहणं, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना पाहणं.

दोन गोष्टी जाण्याआधी पक्क्या लक्षात ठेवा. तिथे श्वास मोजायचा किंवा लांबवायचा नाही आणि आसन-प्राणायामही त्या दहा दिवसांत बंद. दीर्घश्वास यांनी सांगितलेलं घरी ठेवून जा. सरमिसळ केली तर दोन्ही हातचं जातं. आणि मानसिक आजाराचा इतिहास, चालू औषधं अर्जात लपवू नका. दहा तास गप्प बसल्यावर दबलेलं फार वेगाने वर येतं, ते सोसण्याची तयारी आहे का हे ठरवण्यासाठीच ती माहिती मागतात.

माझं मत विचाराल तर अजून दोन-तीन महिने घरचा सराव पक्का करा. अर्धा तास न हलता बसता येत नसेल तर पहिले चार दिवस गुडघ्यांशी लढण्यातच जातात. रोज २० मिनिटं भिंतीला न टेकता बसा, बुडाखाली चार बोटं उंच उशी घेऊन, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतील.

गोदाकाठ

सातपूरकर, डोळा लागतो तो बहुधा अपुऱ्या झोपेमुळे. आठवडाभर रात्री अर्धा तास लवकर झोपून पाहा. शवासनात जागं राहायला उजवा हात कोपरातून उभा ठेवा, कोपर जमिनीवर, बोटं सैल. झोप आली की हात पडतो आणि जाग येते. खोली पूर्ण अंधारी नको, खिडकी बोटभर उघडी ठेवा.

पाणी येणं ठीक आहे. पुसायला हात उचलू नका, कानाकडे वाहू द्या, आणि का आलं ते शोधू नका. पण घसा आवळला, छाती धडधडायला लागली किंवा एखादा जुना प्रसंग डोळ्यांसमोर येऊन हटेना, तर पडून राहायचं नाही. डोळे उघडा, कुशीवरून उठून बसा, तळपाय फरशीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. त्या दिवशी शवासनाऐवजी २० मिनिटं चाला. नाशिकमध्ये सोमेश्वरच्या बाजूला पहाटे बरीच शांतता असते, रामकुंडावर त्या वेळीही वर्दळ असते. आठवड्यात दोनदा असं झालं तर शवासन ३ मिनिटांवर आणा, डोळे अर्धे उघडे ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सराव त्यांना सांगून चालू ठेवता येतो.

उद्यापासून फक्त जीभ आणि ४ : ६, एवढंच दोन आठवडे. वही तिसऱ्या आठवड्यात सुरू करा, सगळं एकदम नको. पंधरा दिवसांनी जबड्याचं कसं आहे ते इथेच लिहा.